न वाचलेला अर्धा प्रश्न

भाचीने गोळा रंगवला तेव्हा मी प्रश्नाच्या पहिल्या ओळीवरच होतो. सराव परीक्षेचा पेपर आम्हा दोघांच्या मध्ये पडलेला, तिच्या हातात पेन्सिल, समोर उलटं मोजणारं घड्याळ. प्रश्न असा होता: एका शिबिरात मुलगे आणि मुली यांचं प्रमाण ५:४ आहे, नंतर आणखी ३ मुली आल्या आणि प्रमाण १०:९ झालं, तर सुरुवातीला शिबिरात एकूण किती जण होते? पर्याय ४८, ५४, ५७, ६०. मी मनातल्या मनात ‘मुलगे ५क्ष, मुली ४क्ष’ मांडेपर्यंत ती पुढच्या प्रश्नावर पोचली होती. पेपर संपल्यावर विचारलं, हे इतक्या लवकर कसं काढलंस? “काढलं कुठे? नऊने भाग जाणारा एकच पर्याय होता.” आणि मग त्या तीन मुलींचं काय केलंस? “त्यांच्यापर्यंत गेलेच नाही मी, मामा.”

उत्तर बरोबर होतं, कारणही बरोबर होतं. प्रमाण ५:४ असेल तर माणसं नऊ-नऊच्या गठ्ठ्यांनीच येणार, आणि ४८, ५७, ६० यांच्यात नऊचे पुरे गठ्ठे बसत नाहीत. विषय तिथेच संपायला हवा होता. पण मला त्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचं उगाचच वाईट वाटत राहिलं. कुणीतरी बसून तो रचला असणार. तीन मुली आल्यावर प्रमाण नेमकं १०:९ व्हावं म्हणून आधी ३० आणि २४ हे आकडे ठरवले असणार. नंतरची बेरीज ५७ होते, तीही मुद्दाम पर्यायांत पेरून ठेवली असणार, घाईत ‘सुरुवातीला’ हा शब्द गाळून जाणाऱ्यासाठी. एवढी मेहनत करून मेख मारून ठेवायची, आणि समोरच्याने त्या खोलीत पाऊलच टाकायचं नाही!

हे गणित सोडवणं झालं की गणित चुकवणं?

माझ्या पिढीचं गणित ‘क्ष मानू’ने सुरू व्हायचं. फळ्याखालच्या पट्टीवर खडूची पूड साचलेली असायची आणि सर बरोबरच्या खुणा एकाखाली एक इतक्या सरळ आणायचे की वरून ओळंबा सोडून बघावा. वहीला डावीकडे समास, उजवीकडे कच्च्या कामासाठी घडी घातलेली पट्टी. वरचंच गणित त्या वहीत असं उतरलं असतं: ५क्ष : (४क्ष + ३) = १० : ९. मग तिरका गुणाकार, ४५क्ष = ४०क्ष + ३०. मग ५क्ष = ३०, क्ष = ६, आणि एकूण ९क्ष म्हणजे ५४. शेवटी उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा, त्याही पट्टीने. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळत, आणि नुसतं उत्तर लिहिलं तर सर लाल पेनाने बाजूला ‘कसे?’ असं विचारत. ते प्रश्नचिन्ह मला अजून दिसतं. त्यात शंका कमी आणि उत्सुकता जास्त असायची, असं आता वाटतं. तेव्हा मात्र फक्त गुण कापल्याचं दिसायचं.

गोळ्याला ‘कसे?’ विचारता येत नाही. तो रंगवलेला असतो किंवा नसतो. बहुपर्यायी प्रश्नाचं श्रेय साधारणपणे अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यांना दिलं जातं. १९१४-१५ च्या सुमारास त्यांनी वाचनाची एक चाचणी अशी बेतली की तपासणाऱ्याच्या मर्जीला वावच राहू नये. १९१७ मध्ये अमेरिकी सैन्याने भरतीच्या माणसांना अशा चाचण्यांना घाऊक बसवलं, आणि १९३८ मध्ये आयबीएमने उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बाजारात आणलं. ते यंत्र मुळात रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळामास्तरांच्या डोक्यातून निघालेलं. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणजे खूण कुठे केली आहे ते विजेने ओळखता येईल, एवढी साधी कल्पना. (याच जॉन्सन यांच्या हाताखाली १९५६ मध्ये संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार झाली. मास्तर माणूस कुठवर जाईल याचा नेम नाही.) मला या यंत्राची मौज वाटते ती अशी की ते उत्तराकडे बघतसुद्धा नव्हतं, कागदावर ग्रॅफाइट आहे की नाही एवढंच चाचपत होतं. त्या ग्रॅफाइटच्या मागे सहा ओळींचं समीकरण आहे, नऊचा पाढा आहे की नुसता ‘अक्कड बक्कड’ आहे, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. आजच्या पडद्यावरच्या परीक्षांत पेन्सिल गेली, पण ही बेपर्वाई तशीच राहिली आहे.

तरी ‘आमच्या वेळी खरं गणित होतं’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. कारण आमचं खरं गणित तरी काय होतं? इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने त्रैराशिकाचा नियम सांगितला: फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, इच्छाफल मिळालं. (पाच पेरूंचे दहा रुपये तर आठांचे किती, यात पाच हे प्रमाण, दहा हे फल, आठ ही इच्छा. इथलं ‘प्रमाण’ म्हणजे गुणोत्तर नव्हे.) ११५० मध्ये भास्कराचार्यांनी तोच नियम उदाहरणांनी खुलवला. पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांनी असाच नियम पाठ करून आपले हिशेब केले. तीन आकडे ठरलेल्या जागी ठेवा, गुणा, भागा, चौथा हातात. हा नियम का चालतो ते ठाऊक नसलेल्या हजारो लोकांनी तो शतकानुशतकं बिनचूक वापरला असणार. म्हणजे ज्याला आम्ही ‘पद्धत’ म्हणून मान देतो तीही एके काळी कुणाच्या तरी वेळ वाचवण्यासाठीच निघालेली वाट होती. भाचीने नऊने भाग जातो का ते पाहिलं आणि मी तिरका गुणाकार केला असता. दोघांपैकी कुणी प्रमाण समजून घेतलं, हे नुसतं पद्धतीकडे बघून ठरत नाही.

म्हणून मी तिला खोचक प्रश्न टाकला. म्हटलं, समज शिबिरात माणसं नसून पिंपात द्रावण आहे, आम्ल आणि पाणी ५:४, बाकी सगळं तेच आणि पर्यायही तेच. मग? तिने पेन्सिल गालावर टेकवली आणि लगेच म्हणाली, “मग नाही ना चालणार. ४८ लिटरचेसुद्धा नऊ भाग होतात, पाच पूर्णांक काहीतरी. माणसाचे कसे होतील?” माझी निम्मी तक्रार तिथेच गळाली. युक्ती कुठे लागते यापेक्षा ती कुठे लागत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते ज्याला ठाऊक आहे त्याच्या युक्तीला मी तरी युक्ती म्हणणार नाही.

गुणोत्तराची गणितं सोडवताना माणसं अडकतात ती आकडेमोडीत नव्हे. प्रमाण ७:४, फरक ३ भाग, तो २७ दिलाय, तर एक भाग ९, एवढं कुणालाही जमतं. अडकतात ती त्याच्या आधीच्या पायरीवर, जिथे मन गुपचूप बेरजेकडे वळतं. रॉबर्ट कार्प्लस नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ पुढे विज्ञानशिक्षणाकडे वळले. १९७० च्या सुमारास त्यांनी मुलांना एक कोडं घातलं. कागदावर एक बुटके महाशय काढलेले. बटणांनी मोजले तर त्यांची उंची ४ बटणं, कागदाला लावायच्या यू-पिनांनी मोजले तर ६ पिना. दुसरे एक उंच महाशय आहेत, ते ६ बटणं उंच आहेत. मग त्यांची उंची किती पिना? पुष्कळ मुलं म्हणाली ८. का, तर बटणं दोनने वाढली, मग पिनाही दोनने वाढणार. उत्तर आहे ९, कारण उंची दीडपट झाली आहे. हे कोडं मी मोठ्या माणसांनाही घालून बघतो. चांगली शिकलेली, हिशेबात पक्की माणसंसुद्धा क्षणभर ८ कडे झुकतात. काही जण सावरतात, काही ठामपणे ८ सांगून मोकळे होतात. बेरीज आपल्या हाडात आहे. पट ही नंतर शिकलेली भाषा आहे, आणि घाई झाली की माणूस पहिल्या भाषेत बोलू लागतो.

पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. चार पर्यायांत ९ असेल तर ८ असणारच. प्रमाण ३:२ दिलं आणि पहिला हिस्सा एकूणाच्या किती असं विचारलं तर ३/५ च्या शेजारी ३/२ हमखास उभा. दोन चौरसांच्या बाजू २:३ असतील तर क्षेत्रफळांच्या पर्यायांत ४:९ बरोबर २:३ ही असतो आणि बहुधा ८:२७ ही, घनफळापर्यंत धावणाऱ्यासाठी. म्हणजे पर्यायांची ती छोटी रांग नीट पाहिली तर परीक्षकाने आपल्या आधी येऊन आपल्या सगळ्या गफलती मांडून ठेवलेल्या असतात. मला हे वाचन आवडू लागलं आहे. प्रश्न वाचण्याआधी पर्याय वाचावेत असं पुष्कळ शिक्षक सांगतात, वेळ वाचतो म्हणून. माझं कारण जरा निराळं. पर्याय वाचले की प्रश्नात कुठे निसरडं आहे ते कळतं. ५४ च्या बाजूला ५७ दिसलं की लक्षात येतं, इथे आधीचं आणि नंतरचं यांची गल्लत होणार आहे.

पण पर्यायांच्या जिवावर सगळं निभत नाही. परीक्षक जरा मुरलेला असेल तर शिबिराच्या प्रश्नाला ४५, ५४, ६३, ७२ असे पर्याय देईल. सगळे नऊच्या पाढ्यातले. आता काय? आता त्या तीन मुलींकडे जावंच लागतं. आणि गेल्यावर दिसतं ते सहा ओळींच्या समीकरणापेक्षा फार देखणं आहे. मुली आल्या, मुलगे जितके होते तितकेच राहिले. पहिल्या प्रमाणात मुलगे ५ भाग, दुसऱ्यात १० भाग, पण माणसं तीच. मग पहिलं प्रमाण दुप्पट करून १०:८ लिहू. आता १०:८ चं १०:९ झालं, म्हणजे मुलींचा एक भाग वाढला, आणि तो एक भाग म्हणजेच त्या तीन मुली. सुरुवातीचे भाग अठरा, अठरा त्रिक चोपन्न. ना क्ष, ना तिरका गुणाकार.

जे बदलत नाही ते आधी शोधायचं.

एवढी एक सवय लागली की प्रमाणाची निम्मी गणितं आपोआप सैल होतात. ६० लिटर द्रावणात आम्ल आणि पाणी २:१ आहे, किती पाणी घातलं म्हणजे ते १:२ होईल? पाहिल्याबरोबर वाटतं, आकड्यांची नुसती अदलाबदल तर आहे, थोडंसं पाणी पुरेल. पण आम्लाला कुणी हात लावलेला नाही. ते ४० लिटर होतं, ४० च राहणार. त्याच्या दुप्पट पाणी म्हणजे ८०, आधी २० होतं, म्हणून ६० घाला. जेवढं द्रावण तेवढंच पाणी ओतावं लागतं हे उत्तर मला पहिल्यांदा पटेना, इतकं ते अंदाजाच्या बाहेरचं होतं. पर्यायांत ८० ठेवलेला असतोच, ‘किती घातलं’च्या जागी ‘किती झालं’ काढून थांबणाऱ्यासाठी. वयांच्या गणितांत न बदलणारी गोष्ट आणखी आत लपलेली असते. दोघांची वयं २:५, सहा वर्षांनी १:२ होतात. दोघंही वाढतात, बेरीज वाढते, प्रमाण बदलतं. दोघांतलं अंतर मात्र जन्मभर तेवढंच. पहिल्या प्रमाणात अंतर ३ भाग, दुसऱ्यात १ भाग. दुसरं ३:६ असं लिहिलं की दोन्हीकडे अंतर ३. मग २ चे ३ झाले, ५ चे ६ झाले, एकेक भाग वाढला, तो सहा वर्षांचा. वयं १२ आणि ३०. कच्च्या कामासाठी दिलेल्या कागदावर यातलं जेमतेम ‘३:६’ एवढंच उमटतं, आणि ते पाहून कुणाला कळणारही नाही की इथे काय घडलं.

वेगाच्या गणितांत अंतर ठरलेलं असतं, म्हणून वेग आणि वेळ एकमेकांच्या उलट चालतात. नेहमीच्या पाऊण वेगाने चालल्यामुळे कुणी दहा मिनिटं उशिरा पोचलं तर नेहमीचा वेळ किती? वेग ३:४, वेळ ४:३, एका भागाचा उशीर, तो दहा मिनिटांचा; नेहमीचे भाग तीन, म्हणून तीस मिनिटं. किती किलोमीटर, कुठून कुठे, काही विचारायचं नाही. हे पहिल्यांदा कुणी करून दाखवलं तेव्हा मला काहीतरी लबाडी झाल्यासारखं वाटलं होतं. अंतर न कळता वेळ कसा कळला? पण प्रमाणाची ताकद नेमकी तिथेच आहे, त्याला बऱ्याच गोष्टींची गरजच पडत नाही.

अशी गणितं करून डोळा तयार झाला की तो नको तिथेही लागतो. ज्या कागदावर हे कच्चं काम चालतं तो ए-फोर कागद घ्या, २९७ मिलिमीटर लांब, २१० रुंद. मधोमध घडी घातली की अर्ध्या कागदाच्या बाजूंचंही प्रमाण तेच राहतं, पुन्हा घडी घातली तरी तेच. असं होणारं प्रमाण एकच आहे, दोनच्या वर्गमुळाला एक. जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७८६ मधल्या एका पत्रात त्याविषयी लिहून ठेवलं आहे. झेरॉक्स यंत्रावर ए-थ्रीचा ए-फोर करताना ७१ टक्के दाबावं लागतं, ५० नव्हे. कारण टक्के लांबीचे आहेत आणि निम्मं व्हायचं आहे क्षेत्रफळ. यंत्राच्या त्या बटणावर बोट ठेवताना मला दर वेळी २:३ आणि ४:९ चा तो चौरसांचा प्रश्न आठवतो. आजूबाजूचे बघत असतात, हा माणूस बटण दाबायला इतका वेळ का लावतोय.

आता दुसरी बाजू, कारण ती नसती तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. वेळ वाचवणाऱ्या वाटा जेव्हा पाठ करून घेतल्या जातात तेव्हा त्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मिश्रणाच्या गणितांसाठी एक फुली शिकवतात. २० टक्क्यांचं आणि ५० टक्क्यांचं द्रावण मिसळून ३० टक्क्यांचं करायचं. डावीकडे २० आणि ५०, मध्ये ३०, तिरक्या वजाबाक्या ५० उणे ३० म्हणजे २० आणि ३० उणे २० म्हणजे १०, म्हणून प्रमाण २:१. चालते, झकास चालते. ज्याला कळलं की ३० हे २० च्या जवळ आहे म्हणून २० टक्केवालं जास्त लागणार, त्याच्या हातात ती फुली शोभते. ज्याला कळलेलं नाही तो तीच फुली कुठेही काढतो. जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना ६०, सरासरी वेग किती? अंतर सारखं, म्हणून प्रमाण १:१, म्हणून ५०. उत्तर आहे ४८. अंतरं सारखी असली तरी वेळ सारखा नाही. ४० च्या वेगाने माणूस जास्त वेळ रस्त्यावर असतो, ३:२ या प्रमाणात, आणि सरासरीत तोलायचा असतो तो वेळ. ४० ला तीनदा, ६० ला दोनदा घेतलं की २४०, भागिले पाच, ४८. फुली इथेही लावता येते, फक्त कशाचं प्रमाण घ्यायचं ते फुली सांगत नाही. ते सांगणारी पायरी शिकवायला वेळ लागतो आणि फुली शिकवायला पाच मिनिटं, म्हणून फुली शिकवली जाते. यात शिकवणाऱ्यांना किती दोष द्यावा कळत नाही. एका प्रश्नाला मिनिटभर देणारी परीक्षा त्यांनी तयार केलेली नाही.

पर्याय उलटे घालून बघण्याचंही तसंच. पर्याय बहुधा चढत्या क्रमाने असतात, म्हणून मधला घालून बघा, जास्त आलं तर खाली, कमी आलं तर वर, असं सांगतात. समीकरण सुचत नसेल तेव्हा हा मोठा आधार असतो. मलाही तो गैर वाटत नाही, उत्तर तपासणं आणि उत्तर शोधणं यांच्यातली भिंत गणितात एरवीही पातळच असते. पण सगळीच गणितं अशी सोडवणाऱ्याला पर्याय काढून घेतले की एकदम पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. पर्याय नसलेला प्रश्न त्याने बरेच दिवसांत पाहिलेलाच नसतो.

आणि अंदाज? त्याचाही हिशेब प्रमाणाचाच. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत २०१६ पर्यंत पाच पर्याय असत आणि चुकीला पाव गुण वजा होई. पाचांत एक बरोबर, चार चूक, चार पाव म्हणजे एक. डोळे मिटून उत्तरं दिली तर सरासरीने शून्य. पण एक जरी पर्याय ठामपणे बाद करता आला तर उरलेल्या चारांत एकाला एक गुण मिळतो आणि तिघांचे मिळून पाऊणच जातात, म्हणजे पारडं आपल्या बाजूला झुकतं. २०१६ मध्ये त्यांनी वजाबाकी काढून टाकली आणि पर्यायही चारच ठेवले. जिथे वजाबाकी अजून आहे तिथे मी मुलांना एवढंच सांगतो की निदान एक पर्याय का चुकीचा आहे हे स्वतःला वाक्यात सांगता येत असेल तरच हात उचलावा. ‘वाटतंय’ हे वाक्य धरायचं नाही. ‘माणसांची संख्या आहे आणि नऊने भाग जात नाही’ हे वाक्य धरायचं.

भाचीच्या त्या उत्तरामुळे मीही प्रश्न रचायच्या नादी लागलो. वाचणाऱ्याला उत्तरार्ध वाचायला लावील असा प्रश्न हवा होता. ते सोपं नाही, कारण प्रमाणाच्या प्रश्नात माहिती नेहमी थोडी जास्तच पडते आणि हुशार पोरं बरोबर तेवढीच उचलतात. मात्र एक प्रश्न मला सापडला जिथे युक्ती चालत नाही आणि पद्धतही चालत नाही. दोन पेट्या आहेत. पहिलीत लाल आणि निळ्या गोट्या २:३, दुसरीत ३:४. दोन्ही एकत्र ओतल्या तर लाल आणि निळ्या गोट्यांचं प्रमाण किती? पर्याय: ५:७, १७:२४, ६:१२, सांगता येणार नाही.

घाईतला माणूस वरचे वर मिळवतो, खालचे खाली मिळवतो आणि ५:७ रंगवतो. थोडा सावध माणूस म्हणतो, पेट्या सारख्या मोठ्या धरू. दोन्हींत पस्तीस-पस्तीस गोट्या. मग लाल १४ आणि १५, निळ्या २१ आणि २०, प्रमाण २९:४१. ते पर्यायांत नाही, म्हणून तो पुन्हा आकडेमोड करतो आणि घाम पुसतो. त्याने बाकी सगळं नीट केलेलं असतं. फक्त पेट्या सारख्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिलीत ५ आणि दुसरीत ७ गोट्या असतील तर ५:७ बरोबर ठरतं. दुसरीत ३५ असतील तर पहिलीतल्या ५ मिळून १७:२३ होतं, आणि तिथेच १७:२४ चा सापळा लावलाय. उत्तर २:३ आणि ३:४ यांच्यामध्ये कुठेतरी पडणार एवढं नक्की, कुठे ते पेट्या किती मोठ्या आहेत यावर. ते प्रमाणात लिहिलेलंच नाही. ५:४ मध्ये नऊ माणसंही असू शकतात आणि नऊ लाखही.

चौथा पर्याय रंगवायला गणित शून्य लागतं, वेळही जवळपास शून्य. तरी ज्यांना हा प्रश्न घातला त्यांपैकी पुष्कळ जण तो शेवटपर्यंत रंगवत नाहीत. प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर असणार, आकडे दिलेत म्हणजे ते वापरायचे, असं कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. भाचीने मात्र दोन्ही ओळी वाचल्या, शेवटचा गोळा रंगवला, आणि मला म्हणाली, “तिसरा पर्याय बदल, मामा. ६:१२ कुणीच निवडणार नाही, वाया गेलाय तो.” तिचं बरोबर होतं. २:३ आणि ३:४ यांच्यात १:२ कुठून येणार? तिथे आता मी २९:४१ टाकलं आहे.